क्षयाचा जंतू आणि कर्माचे दप्तर

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पूर्वी केलेली पातके आणि आज भोगाव्या लागणाऱ्या व्याधी यांचा एक ताळमेळ घालून दिलेला आहे. सोन्याची चोरी करणाऱ्याची नखे कुरूप होतात, मद्यपान करणाऱ्याचे दात काळवंडतात आणि ब्रह्महत्या करणाऱ्यास क्षयरोग जडतो, असा तो ताळमेळ आहे. पुराणकारांनी हाच विचार अधिक रमणीय करून सांगितला: दक्षाच्या सत्तावीस कन्यांशी विवाह करून चंद्राने एकट्या रोहिणीचीच संगत धरली, उपेक्षित भगिनींनी पित्याकडे गाऱ्हाणे नेले, आणि श्वशुराच्या शापाने तो नक्षत्रांचा राजा क्षयाने झिजू लागला, तो प्रभासक्षेत्री स्नान करून उःशाप मिळेपर्यंत. स्मृतिकारांची भाषा न्यायाधीशाची आणि पुराणकारांची कवीची. परंतु दोघांच्या मुळाशी असलेले गृहीत एकच, आणि ते असे की, ज्याला क्षय झाला त्याच्या हातून काही तरी घडलेले असलेच पाहिजे. चरकसंहितेतही चंद्राची ही कथा येते. पण ती सांगून झाल्यावर ग्रंथकार वैद्याच्या आसनावर परत येतो आणि शक्तीबाहेरचे साहस, वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय व विषमाशन अशी चार कारणे सांगतो, ज्यांत पातकाचे नावही नाही. आमच्या लोकमानसाने मात्र या बाबतीत चरकापेक्षा मनूचेच अधिक ऐकले. आजही एखाद्या घरी तरण्याताठ्या मुलाच्या बेडक्यात जंतू सापडल्याचे कळले, की औषधाची चौकशी होण्याआधी, कोणत्या जन्मीचे हे भोग म्हणावे, हा प्रश्न माजघरातून उमटतो.

या गृहीताची रुजुवात करून पाहावयाची, तर साताऱ्याच्या इतिहासाने त्याची सोय आधीच करून ठेविली आहे. थोरल्या माधवरावांना १७६१ साली साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रे मिळाली तेव्हा त्यांचे वय सोळा वर्षांचे होते. पानिपताने खचलेला राज्याचा डोलारा त्यांनी अकरा वर्षांत पुन्हा सावरला, आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, राजयक्ष्म्याने त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला आणि कृष्णा-वेण्णेच्या संगमावरील माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी त्याचा दोष रघुनाथरावांच्या माथी ठेवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ते प्रायश्चित्त अर्थातच घेतले गेले नाही. रघुनाथराव त्यानंतर दहा वर्षे जगले. मनूच्या ताळमेळाप्रमाणे क्षय व्हावयाचा कोणास आणि झाला कोणास! यावर कर्मवाद्याचे उत्तर ठरलेले आहे: माधवरावांनी पूर्वजन्मी काय केले होते ते आपणांस ठाऊक नाही, आणि रघुनाथरावांना पुढील जन्मी काय भोगावे लागेल तेही ठाऊक नाही. हे उत्तर खोडून काढता येत नाही हे खरे. परंतु ज्या फिर्यादीत गुन्हा दाखविता येत नाही, साक्षीदार बोलाविता येत नाही आणि आरोपीस आपली कैफियतही देता येत नाही, ती फिर्याद खुद्द रामशास्त्र्यांनी दाखल करून घेतली असती काय?

प्रश्न तेवढ्याने मिटत नाही, कारण दुःख कोठून येते ही जिज्ञासा शापकथांहून पुष्कळ खोल आहे. सांख्यांनी आपल्या दर्शनाचा आरंभच त्रिविध दुःखापासून केला, आणि ज्यांच्या अखेरच्या वर्षांचे वास्तव्य साताऱ्याजवळच्या सज्जनगडावर झाले त्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात तापत्रयाचे मराठीत निरूपण केले. देह, इंद्रिये आणि प्राण यांच्या योगाने स्वतःच्या ठायीच जे दुःख उत्पन्न होते तो आध्यात्मिक ताप. इतर भूतांच्या, म्हणजे आपल्याहून वेगळ्या वस्तूंच्या व प्राण्यांच्या संयोगाने जे होते तो आधिभौतिक. आणि शुभाशुभ कर्मांमुळे देहान्तानंतर जी यमयातना भोगावी लागते तो आधिदैविक, अशी त्यांची वाटणी आहे. शरीरातील रोगांची भली मोठी यादी समर्थांनी पहिल्या तापात घातली आहे. ही वाटणी मनूच्या ताळमेळापेक्षा अधिक न्याय्य आहे, कारण तिच्यात प्रत्येक दुःखाला अपराध चिकटविण्याची सक्ती नाही. विंचू चावला तर तो विंचू चावला. तेव्हा क्षयरोगाविषयी विचारावयाचा खरा प्रश्न असा की, तो या तीन तापांपैकी कोणत्या सदरात मांडावा? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या जंतूच्या जनुकसंचाचे जे वाचन झाले आहे, त्यामुळे या जुन्या प्रश्नाला एक अनपेक्षित उत्तर मिळू लागले आहे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना हा रोग परका नाही. सातारा जिल्ह्यातील पाचगणीस डॉक्टर रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम काढले. आणि १८९४ साली मिरजेस इस्पितळ उभारणारे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांच्या नावाने जी वानलेसवाडी मिरज-सांगलीच्या दरम्यान वसली, तेथेही क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम झाले. कोरडी हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती आणि घरच्या माणसांपासून दुरावा, असा तेथला उपचार असे. आणि औषधच नसलेल्या त्या काळात त्याला वानप्रस्थाचे, नव्हे तपश्चर्येचे, रूप यावे हे साहजिकच होते. ज्याने नियम पाळले तो तरला आणि ज्याला नियम झेपले नाहीत तो गेला, अशी समजूत त्यातून रूढ झाली, व पातकाच्या जागी नकळत असंयम येऊन बसला. पुढे स्ट्रेप्टोमायसिन व आयसोनियाझिड ही औषधे आली, आणि मद्रासेत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९५९ साली प्रसिद्ध झाले. दाटीवाटीच्या वस्तीत, अपुऱ्या अन्नावर, स्वतःच्या घरी राहून औषध घेणारे गरीब रुग्ण हे आरोग्यधामात निजून राहणाऱ्या रुग्णांइतकेच बरे होतात, आणि त्यांच्या घरच्या माणसांना त्यामुळे अधिक धोका पोचत नाही, असे त्यात दिसून आले. रोग तपाने जात नसून औषधाने जातो, एवढे त्या प्रयोगाने सिद्ध केले.

हा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जगापुढे ठेवला होता. तालुक्याच्या रुग्णालयात तो आजही पाहावयास मिळतो. रुग्णाचा बेडका काचपट्टीवर पातळ पसरून वाळवतात, त्यावर लाल रंग ओतून खालून आच देतात, मग आम्लाने ती पट्टी धुतात आणि शेवटी निळा रंग देतात; बाकी सारे आम्लाने फिके पडून निळे होते, पण मेणासारख्या स्निग्ध कवचामुळे हा जंतू घेतलेला लाल रंग सोडीत नाही, आणि सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर किंचित वाकलेल्या तांबड्या काड्या दिसतात. या दृष्टीने पाहता सारे क्षयजंतू एकसारखे. साताऱ्याचा, सांगलीचा, बर्लिनचा असा त्यांत भेद करता येत नाही. तो भेद दिसू लागला तो १९९८ साली, जेव्हा अमेरिकेतील एका रुग्णापासून १९०५ साली मिळविलेल्या आणि प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या जंतूचा जनुकसंच अथपासून इतिपर्यंत वाचला गेला. सुमारे ४४ लाख अक्षरांचा आणि चार हजारांच्या आसपास जनुकांचा तो लेख आहे.

या लेखाची प्रत जंतू प्रत्येक विभाजनाच्या वेळी काढतो, आणि वाईच्या पाठशाळेतील पंडितांना हस्तलिखितांच्या बाबतीत जो अनुभव येई तोच येथेही येतो. नकलाकाराच्या हातून क्वचित एखादे अक्षर चुकते. त्या पोथीवरून ज्या नकला होतात त्यांत ती चूक जशीच्या तशी उतरते. आणि दोन पोथ्यांत एकच प्रमाद आढळला तर त्या एकाच मूळ प्रतीपासून निघाल्या असे संशोधक निःशंकपणे म्हणू शकतो. क्षयजंतूच्या बाबतीत हे अनुमान विशेष बळकट ठरते, कारण इतर अनेक जंतूंप्रमाणे तो परक्यांकडून जनुके उसनी घेत नाही. त्याच्या पोथीत दुसऱ्या पोथीची पाने मिसळत नाहीत. दोन-तीन वर्षांत एखादे अक्षर बदलावे इतका त्याचा वेग मंद आहे. अशा फरकांवरून मानवी क्षयजंतूची जी घराणी शास्त्रज्ञांनी लाविली, त्यांतले पहिले हिंदी महासागराच्या काठाकाठाने पसरलेले असून दक्षिण भारतात त्याचा भरणा अधिक. तिसरे उत्तर भारत व मध्य आशियाकडचे. दुसरे पूर्व आशियाचे, ज्याच्या एका शाखेला बीजिंगचे नाव आहे. आणि चौथे युरोप-अमेरिकेत वाढून सर्वत्र गेलेले. महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या सीमेवर, म्हणून येथे दोहोंकडची घराणी नांदतात. आणि ती नांदावयास निमित्तही आहे. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतील सराफकट्ट्यांवर जाऊन बसलेले आहेत. माण-खटावचा मनुष्य दुष्काळाच्या रेट्याने मुंबईच्या गिरण्यांत व गोद्यांत राबला. आणि हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातील ऊसतोडीच्या टोळ्या कृष्णाकाठच्या फडांत कोप्या ठोकून राहतात. मनुष्य पोटासाठी फिरतो आणि जंतू त्याच्या छातीत बसून फिरतो.

या वंशावळीने पहिला धक्का दिला तो आमच्या एका आवडत्या समजुतीला. मनुष्याने गाई-म्हशी पाळल्या आणि त्यांच्याकडून हा रोग त्याला जडला, असे शास्त्रज्ञ दीर्घकाळ मानीत. परंतु २००२ साली दोन्ही जंतूंच्या जनुकसंचांची तुलना झाली तेव्हा असे आढळले की, गाईचा जंतू हा मूळ नसून, मनुष्याच्या जंतूपेक्षा त्याच्या पोथीतली अधिक पाने गळालेली आहेत. अर्थात तो नंतरचा. ज्या मुक्या जनावरावर इतकी वर्षे आरोप होता, ते निर्दोष सुटले. या जंतूचे वय किती याविषयी मात्र विद्वानांत तंटा आहे. एक पक्ष सत्तर हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडलेल्या मानवाबरोबर त्याला बाहेर काढतो. दुसरा, पेरू देशातील हजार वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत सापडलेल्या जंतूंच्या आधारे, त्याला सहा हजार वर्षांहून जुना मानावयास तयार नाही. यांपैकी कोणताही पक्ष खरा ठरो, ब्रह्महत्येचे पातक ज्या धर्मशास्त्राने सांगितले त्याच्या रचनेपूर्वी हा जंतू माणसांना मारीत होता, यात संशय नाही.

आता तापांचा विचार. जंतू हा वेगळा प्राणी. यास्तव क्षय आधिभौतिक, असे कोणीही म्हणेल. तथापि जंतूचा शिरकाव झालेल्या शंभर माणसांपैकी आयुष्यभरात पाच-दहांनाच रोग होतो. इतरांच्या देहात तो जन्मभर निपचित पडून राहतो. मग जो आजारी पडतो तो कशाने? येथे २०१० साली हाती आलेले एक सत्य मोठे विलक्षण आहे. आपल्या रक्तातील संरक्षक पेशी जंतूला ज्या खुणांवरून ओळखतात, त्या खुणा इतर बहुतेक जंतू सतत बदलीत असतात, कारण ओळख पटणे म्हणजे मरण. क्षयजंतूच्या निरनिराळ्या घराण्यांत मात्र नेमक्या याच खुणा सर्वांत कमी बदललेल्या आढळल्या. जणू आपणांस ओळखले जावे, यातच त्याचे हित आहे! आणि ते आहेही. कारण त्याला ओळखून देह जो प्रतिकार करतो त्यातूनच फुप्फुसाचा तो भाग सडून पोकळी होते, पोकळीतून खोकला येतो आणि खोकल्यावाटे जंतू दुसऱ्या माणसाकडे जातो. म्हणजे घाव बाहेरच्याचा आणि जखम घरच्याची. रोगाला आध्यात्मिक तापात घालणारे समर्थ येथे अगदीच चुकले नव्हते, असे म्हणावे लागते.

उरले दैव. रिफाम्पिसिन हे क्षयावरचे प्रमुख औषध. ते ज्या प्रथिनावर आघात करते त्याचा आराखडा एका जनुकात आहे, आणि त्या जनुकातील एका ठरावीक जागी तीन अक्षरांच्या शब्दातले मधले एकच अक्षर बदलले, तर सेरीन नावाच्या घटकाऐवजी ल्यूसीन हा घटक येतो, आणि औषध निष्फळ होते. ४४ लाखांतले एक अक्षर! हा बदल औषधाला उत्तर म्हणून होत नाही. जंतूला भविष्याची जाण नाही आणि सूड घेण्याची बुद्धीही नाही. लूरिया व डेलब्रुक यांनी १९४३ साली दुसऱ्या एका जंतूवर दाखवून दिले की, असे बदल संकट येण्याआधीच, त्याच्याशी काहीएक संबंध नसता, आपोआप घडलेले असतात. रिफाम्पिसिनला न जुमानणारा जंतू दहा कोटींत एखादा निपजतो, आणि एका पोकळीत जंतू कोटींच्या संख्येने असतात. याला यदृच्छा म्हणावे. पण केवळ यदृच्छेने कोणी मरत नाही. तो एकुलता एक जंतू इतरांच्या गर्दीत तसाच नाहीसा झाला असता. एकच औषध दिले, अर्धेच दिले, मध्येच तुटवडा पडला, किंवा मजुरी बुडते म्हणून रुग्णाने ते सोडले, की इतर मरतात आणि तोच उरतो. दैवाने कच्चा माल पुरविला; निवड मनुष्यांच्या कर्माने केली.

पण कोणाच्या कर्माने? कर्मसिद्धान्ताची सारी मदार एका गोष्टीवर आहे, ती ही की, प्रत्येकाचे खाते स्वतंत्र आहे आणि जो करतो तोच भोगतो. क्षयजंतूची वंशावळ या मदारीलाच हात घालते. ज्याने आयुष्यात क्षयाची एक गोळीही घेतलेली नाही अशा पुष्कळ रुग्णांत पहिल्याच तपासणीत औषधाला दाद न देणारा जंतू सापडतो. त्याच्या पोथीतला तो प्रमाद दुसऱ्या कोणाच्या देहात, दुसऱ्या कोणाच्या अपुऱ्या उपचारात, कदाचित दुसऱ्याच जिल्ह्यात आणि दहा वर्षांपूर्वी घडलेला असतो. कर्म एकाचे आणि फळ दुसऱ्याचे, हे येथे श्रद्धेने मानण्याची किंवा नाकारण्याची गोष्ट राहिलेली नाही. ते वाचून दाखविता येते. कर्माचे दप्तर आहे, असे मानावयाचेच असेल, तर त्यात व्यक्तिवार खाती नसून एकच सामाईक खाते आहे, असे म्हणणे भाग आहे.

कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेल्या गोपाळ गणेश आगरकरांचा बुद्धिवाद मानणाऱ्यांना हे वाचून समाधान वाटेल. परंतु त्यांनीही थोडे थांबावे. पातकाची भाषा ज्यांनी टाकून दिली त्यांनी तिच्या जागी दुसरा शब्द आणला, आणि तो म्हणजे 'डिफॉल्टर'. रोग औषधाला जुमानीत नाही ना, मग याने गोळ्या चुकविल्या असतील. हा तर्क मनूच्या तर्काहून वेगळा कोठे आहे? दोहोंतही दुःख पाहून अपराध गृहीत धरलेला आहे. इतकेच नव्हे, तर जनुकवाचनाने आपल्या हाती एक नवे शस्त्रही दिले आहे. दोन रुग्णांच्या जंतूंत पाचांहून अधिक अक्षरांचा फरक नसेल तर संसर्ग अलीकडचा व जवळचा मानतात, आणि बारांहून अधिक फरक असेल तर तसा संबंध बहुधा नाकारतात. याचा उपयोग कोणत्या वस्तीत रोग पसरतो आहे हे शोधण्यासाठी करता येईल, आणि सुनेमुळे सासऱ्यास झाला की सासऱ्यामुळे सुनेस, याचा फैसला लावण्यासाठीही करता येईल. पहिला उपयोग ज्ञानाचा, दुसरा शापाचा. ज्याने रोग दिला त्यालाही तो कोणीतरी दिलेलाच होता, आणि ही साखळी मागे नेत गेल्यास ती हजारो वर्षे थांबत नाही. मग मध्येच कोठल्या तरी एका कडीस आरोपी ठरविणे हा कोणता न्याय?

तेव्हा निष्कर्ष असा. तापत्रयाची वाटणी चुकीची नाही. परंतु ते तीन वेगवेगळे ताप नसून, या रोगापुरते तरी, एकाच तापाची तीन अंगे आहेत. जंतू परका, जखम आपली आणि त्या दोहोंची गाठ घालणारी परिस्थिती सर्वांची. भूतकाळाच्या बाबतीत येथे कोणीही अपराधी नाही. भविष्याच्या बाबतीत मात्र कोणीही मोकळा नाही. श्रद्धावानास कर्मसिद्धान्त सोडावयाचा नसेल तर त्याने तो खुशाल बाळगावा, फक्त त्याचे तोंड मागचे पुढे करावे. या रोग्याने काय केले होते, हे न विचारता त्याच्यासाठी मी काय करणार आहे, हे विचारावे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा एकट्या भारतात आहे, आणि चरकाने सांगितलेले विषमाशन अद्याप संपलेले नाही. झारखंडात रुग्णांच्या कुटुंबीयांना पुरेसे अन्न पुरविले असता त्यांच्यातील नवा क्षयरोग चाळीस टक्क्यांच्या आसपास घटला, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. प्रायश्चित्तच सांगावयाचे तर डाळ-तांदळाएवढे फलदायी प्रायश्चित्त कोणत्या स्मृतीत सापडेल?

वाचकांस विनंती एवढीच. आपल्या आळीत, कारखान्याच्या तळावर किंवा नात्यात कोणास हा रोग झाल्याचे कळले, तर त्याची ताटवाटी वेगळी काढू नका. हा रोग भांड्यांतून नव्हे, हवेतून जातो, आणि औषध लागू पडले की थोड्याच आठवड्यांत त्याचे लागणे बहुतेक थांबते. त्याच्या घराच्या खिडक्या उघड्या राहतील, त्याच्या घरच्यांची तपासणी होईल आणि मजुरी बुडाल्याने त्याची चूल थंड पडणार नाही, एवढे पाहा. साध्या क्षयाचे औषध सहा महिन्यांचे असते आणि सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळते. ते शेवटच्या गोळीपर्यंत पोटात जाईल याची काळजी रुग्णाइतकीच त्याच्या शेजाऱ्यानेही घ्यावयाची आहे.